अळणी आमटी

"बाबा, यात फाइल नाही, फोल्डर नाही. लिहिलेलं तसंच राहतं, वीज गेली तरी," नवा कॉम्प्युटर मांडत मुलगी म्हणाली.

"पण ठेवायचं कुठे?"

"ठेवायचं नाहीच. ते असतंच."

अच्युतराव गोंधळले. रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मते, ज्याची फाइल नाही ते अस्तित्वातच नाही.

बायकोवर राग आला की ते तिला खरमरीत पत्र टाइप करत आणि जुन्या कॉम्प्युटरने 'जतन करायचं का?' विचारलं की 'नाही' दाबत. राग उतरे, संसार टिके. आजही त्यांनी लिहिलं, "वीस वर्षं तुझी आमटी अळणी असते." बंद करताना यंत्राने काहीच विचारलं नाही. खबरदारी म्हणून त्यांनी प्लगही उपटला आणि अंघोळीला गेले.

परतले तेव्हा यंत्र चालू होतं. पत्र जागेवर होतं आणि खाली बायकोचं उत्तर होतं, "वीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तुमचं मीठ तोडायला सांगितलं. तुम्ही ऐकलं नसतं, म्हणून मीच कमी केलं."

अच्युतरावांनी 'नाही'चं बटण बराच वेळ शोधलं. मग स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, "आमटी वाढतेस का? जरा जास्तच वाढ."