त्रासाचा रकाना

"झालेला त्रास तुमच्याच शब्दांत सांगा," नर्सनं पेन उघडलं. "मी एक शब्दही बदलत नाही. चाचणीचा नियमच आहे तसा."

"डोकं फुटतं. घामानं उशी भिजते. आणि दिसेल त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटतं," ती म्हणाली.

"ते औषधाआधीही होतंच," शेजारच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. नवरा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला पीसीओएस होता. अंडाशयात बीज वेळेवर तयार होत नाही, म्हणून तिनं या औषधाच्या चाचणीत नाव घातलं होतं. दोन औषधांपैकी आपल्या बाटलीत कोणतं, हे तिलाच काय, नर्सलाही ठाऊक नव्हतं. सहा महिने गोळ्या, सुया, रक्त. दंडाची पार चाळण झाली. वर घरी रोजचं पालुपद: धाकट्याकडे बघा, लग्नाला तीन वर्षं झाली नाहीत तर दोन मुलं. आणि थोरल्यात काही म्हणता काही कमी नाही, रिपोर्ट आहे तसा! तो रिपोर्ट सासूबाईंनी कपाटात जपून ठेवला होता. लेकाला दवाखान्यात संकोच वाटतो म्हणून वीर्यतपासणीची डबीसुद्धा त्यांनीच घरून, तासाच्या आत, धावतपळत आणून दिली होती. केवढी ती माया!

नर्सनं उरलेल्या गोळ्या मोजल्या, रक्ताचे रिपोर्ट चाळले.

"सहापैकी पाच महिने बीज तयार झालंय. औषधानं आपलं काम चोख केलंय."

"मग दिवस का राहत नाहीत?" तिचा आवाज चढला.

"म्हणूनच यांची तपासणी पुन्हा करायची. आज, इथेच."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मला... ऑफिसला जायचंय."

"अहो, आज कसं जमेल?" सासूबाई घाईघाईनं मध्ये पडल्या. "धाकटा परगावी गेलाय ना!"

सासूबाईंचा हात तोंडावर गेला, पण उशीर झाला होता. नवरा मान वर करायला तयार नव्हता.

ती रडली नाही. नर्सनं मिटून ठेवलेलं पेन तिनं उचललं, उघडलं आणि नर्सच्या हातात दिलं.

"सासूबाई आत्ता बोलल्या ते त्रासाच्या रकान्यात लिहा, सिस्टर. एक शब्दही बदलू नका."