चाख्याचा शब्द

मिस्त्रीनं बोट अंगणातल्या पाण्यात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

घराचा मालक पायरीवर उभा होता, बूट ओले होऊ नयेत म्हणून जरा मागेच. "काय ते लवकर सांगा," तो म्हणाला. "दुपारी घर घेणारे येतायत. पाणी पावसाचं असेल तर तुम्ही दुरुस्त करा, ते घर घेतील. समुद्राचं निघालं तर विषय संपला. आणि त्यांना माझा शब्द नकोय, तुमचा हवाय."

समुद्रकाठच्या त्या वस्तीत खरं गवत जगत नसे. खाऱ्या वाऱ्यानं करपून जाई. म्हणून दारोदारी प्लॅस्टिकचं गवत आलं होतं, आणि त्यातलं निम्मं या मिस्त्रीच्या हातचं होतं. खाली खडीचा थर, खडीत भोकं पाडलेला पाइप, पाइपाच्या तोंडाशी झाकणाचं चेंबर. कुणाच्या अंगणात पाणी तुंबलं की तो ते चाखून सांगायचा, कुठलं आहे ते. धंद्यातले लोक त्याला चाख्या म्हणत. गटाराचं कसं ओळखतोस रे, असं कुणी चिडवलं तर म्हणायचा, "ते नाकाला कळतं, तिथवर जीभ नेत नाही." लोक हसत, पण त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीस वर्षांत त्यानं पाण्याबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं.

पाणी खारट होतं. त्यानं पुन्हा एकदा चाखलं आणि थांबला. समुद्राचं पाणी आधी खारट लागतं, मग जिभेच्या मुळाशी कडवट. कडवटपणा येईना. हे मीठ स्वयंपाकघरातलं होतं.

त्यानं मान वर केली. खिडकीत मालकाची आई उभी होती. दोन्ही हातांनी गज धरून. खिडकीखाली एक बादली आडवी पडलेली होती, तिच्या काठावर मिठाचा पांढरा पापुद्रा. तीन वर्षांपूर्वी गवत बसवताना याच म्हातारीनं त्याला विचारलं होतं, समुद्राचं पाणी कसं ओळखता हो? खारट लागलं की समुद्र, असं त्यानं सांगितलं होतं. कडवटपणाचं सांगितलं नव्हतं. धंद्यातली एखादी गोष्ट माणूस स्वतःजवळ ठेवतोच.

"वृद्धाश्रमात आईची सोय छान झालीय," मालक कुणी न विचारताच म्हणाला. "एका खोलीत चौघी. सोबत होते."

"चौघी, आणि खिडकी एकच," म्हातारी आतून म्हणाली. "तीही भिंतीकडे उघडते."

दारातून आतली ट्रंक दिसत होती. दोरीनं आवळून बांधलेली. वर गुंडाळलेली गादी. मिस्त्री ट्रंकेकडे बघत राहिला.

"साहेब, समुद्र आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"खालून वर येतोय. याला इलाज नाही."

मालक खिशातून फोन काढून फाटकाबाहेर गेला. बराच वेळ कुणाला तरी समजावत होता. शेवटी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि गल्लीच्या टोकाला विरून गेला.

मिस्त्रीनं कोपऱ्यातलं गवत उचललं. म्हातारीचं काम झालं होतं, आता त्याचं उरलं होतं. त्याच्या हातच्या अंगणात बादलीभर पाणी दोन मिनिटंसुद्धा टिकत नसे. म्हणजे हिनं पाइपात काहीतरी कोंबलं असणार.

म्हातारी चहाचा कप घेऊन भिंतीच्या आधारानं बाहेर आली. "मीठ जास्त झालं का हो?"

"बेताचंच होतं, काकू. पण पाइपात चिंधी कशाला कोंबलीत? गवत कुजत नाही, पण पाइप फुटेल की अशानं."

"कसली चिंधी? मला वाकता तरी येतं का? मी आपली उभ्यानंच बादली ओतते. आधी मेलं सगळं लगेच जिरून जायचं. महिनाभर मीठ वाया गेलं माझं. या आठवड्यातच पाणी राहायला लागलं. म्हटलं, चला, देवाला एकदाची दया आली."

मिस्त्रीनं चेंबरचं झाकण काढलं.

चिंधी नव्हती. चेंबर काठोकाठ भरलं होतं. भरतीची वेळ होती. तो बघत होता तेवढ्यात पाणी आणखी बोटभर चढलं आणि काठावरून खडीत उतरलं. त्यानं बोट बुडवून जिभेवर ठेवलं. खारट. तो थांबला. मग जिभेच्या मुळाशी कडवटपणा आला, आणि रेंगाळला.

मागे म्हातारी पायरीवर टेकली होती. "पोरानं ट्रंक बांधली तेव्हाच मी अर्धी मेले होते," ती सांगत होती. "उद्या ती दोरी सोडते. ताटल्या परत फळीवर मांडते. आता इथून मी निघणार ती चौघांच्या खांद्यावरच." मग आवाज उतरवून तिनं विचारलं, "माझ्यापायी तुम्हाला खोटं बोलावं लागलं, नाही का?"

मिस्त्रीनं झाकण बसवलं. त्यावर गवत अंथरलं, कडा तळहातानं दाबून घेतल्या. गुडघ्यांना गार लागत होतं.

"हो काकू," तो म्हणाला. "खोटंच बोललो."

तीस वर्षांतलं त्याचं पहिलं खोटं हेच.