आबांचा जबाब

"कोणी मारलं, नाव सांगा," साहेबराव जमादार म्हणाले आणि मांडीवरच्या कागदावर पेन टेकवून बसले.

ज्ञानेश्वरी बाजूला उभी होती. समोर बाजेवर तिचे वडील, आबा, बसले होते. डाव्या कानामागून निघालेली टाक्यांची रांग थेट माथ्यापर्यंत गेली होती आणि तिथे केस उगवायचं नाव घेत नव्हते. आबांचे ओठ दोनदा नुसतेच हलले. मग चौथीतल्या हुशार पोरासारखं खणखणीत उत्तर आलं.

"कडूबानं मारलं. पान्यानं. टँकरपाशी."

दाराआड तिचा धाकटा भाऊ भारत उभा होता. त्याने सुस्कारा सोडला, कारण पाना त्याचाच होता.

दोन महिन्यांपूर्वी बिडकीनच्या त्या टँकरवर नळीसाठी जुंपली होती. धरणाचं पाणी मोठ्या पाइपातून शहराकडे चाललेलं, आणि यांच्या वस्तीवर चार दिवसांतून एक टँकर. भारतने वस्तीवरच्याच कडूबावर पाना उगारला, कडूबा खाली वाकला आणि सोडवायला धावलेल्या आबांची कवटी फुटली. भारत पळाला. रक्ताने न्हालेल्या आबांना आपल्या टेम्पोत घालून शहरातल्या घाटी दवाखान्यात नेलं ते कडूबाने. आणि संध्याकाळच्या आत भारतने फिर्याद दिली तीही कडूबाच्याच नावाने. पाहणारे पुष्कळ होते, पण बोलून कोण भानगड गळ्यात घेतो?

आबा वाचले. शब्द मात्र गेले, आणि तो दिवसही डोक्यातून गेला.

ज्ञानेश्वरी शाळेत शिकवायची. मेंदू कसा शिकतो यावर तिचं पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. बाकीच्या शिक्षकांनी जेवणं झोडली, सह्या ठोकल्या आणि घर गाठलं. ही पडली मन लावून करणारी. उत्तर सांगू नका, विचारा. विसरायला आलं की पुन्हा विचारा. मध्ये दिवस जाऊ द्या. आणि भीतीत भिजलेलं काहीही मेंदू लवकर सोडत नाही, म्हणून पोरांना कधी घाबरवू नका. यातलं सगळं तिने वहीत उतरवून घेतलं होतं. त्याच रीतीने पहिल्या महिन्यात तिने आबांना पाणी, भाकर, चप्पल, मेंढरू हे शब्द परत मिळवून दिले. आबा 'मेंढरू' म्हणाले त्या दिवशी ती हमसून हमसून रडली.

मग भारतने तिचे पाय धरले. "आक्का, तू शिकवलं की आबाच्या डोक्यात काय बी बसतंय. येवढं एक नाव बसव. नायतर मी गेलो आत."

तिने बसवलं. मोबाइलवर कडूबाचा फोटो दाखवायचा आणि विचारायचं, हा कोण, याने काय केलं? त्याच क्षणी आबांच्या पाठीमागे भारत पत्र्याच्या पिंपावर पाना आपटायचा. आबा किंचाळायचे, धोतर ओलं व्हायचं. आज, मग तिसऱ्या दिवशी, मग आठव्या. पहिल्या दोन खेपांना तिला नंतर ओकारी झाली, पुढे झाली नाही. शेवटी शेवटी पाना लागेनासा झाला. फोटो पाहूनच आबांच्या कपाळावर घाम फुटायचा.

जमादारांनी जबाब लिहून घेतला. अंगठ्यासाठी शाईची डबी उघडत होते तेवढ्यात कडूबा अंगणात आला. त्यालाही बोलावणं होतं. दोन महिन्यांत माणूस निम्मा झाला होता, पण चेहरा खुलला होता.

"मामा बोलायला लागले म्हनं. आता मला कशाचं भ्या?" असं म्हणत तो सरळ बाजेपाशी आला आणि पाया पडायला वाकला.

आबांनी उशाशी ठेवलेली मेंढरं हाकायची काठी उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यात घातली. हाड वाजलं. कडूबाने डोकं झाकायला हात वर नेला, दुसरा तडाखा बोटांवर बसला आणि बोटं भलतीकडेच वळली. तो आडवा पडला. जमिनीवर रक्ताची धार लागली, ती जमादारांच्या बुटापर्यंत गेली आणि जमादार कागद छातीशी धरून मागे सरकले. भारत दाराआडून हलला नाही.

 आबांच्या कपाळावरून घाम गळत होता. त्यांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं.

"बरोबर आलं का, माय?"

जमादारांनी आधी आबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.  नेहमीसारखी लेकीची मान हलली नाही, तसा आबांचा चेहरा पडला. आपलं काहीतरी चुकलं असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी काठी पुन्हा डोक्यावर नेली. खाली कडूबा निपचित पडला होता.

तिने झेप घेऊन काठी धरली. 

"नाही आबा, नाही. चुकलं. भारतनं मारलं तुम्हाला. आपल्या भारतनं."

जमादारांचा हात लिहायला कागदावर गेला. आबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग काठी सैल सोडून, दोन महिन्यांत पहिल्यांदाच, मनापासून हसले.

"मला फसवती व्हय गं? कडूबानंच."