खाडीची लाल रेघ

खाडीत कुणी तेल सांडलं की पाण्यात सोडलेले सरकारी जंतू तिथलं पाणी लाल करत, आणि ती लाल रेघ थेट गुन्हेगार बोटीपाशी जाऊन थांबे. पर्यटकांना फिरवणाऱ्या सगुण मेतरनं थेंबही न गाळणारं नवं इंजिन बसवलं, तरी रेघ दोनदा त्याच्याच बोटीपाशी आली. तिसऱ्यांदा आली की परवाना रद्द.

"हे बाबलचंच काम," सगुण बायकोला म्हणाला. "त्याच्या बोटीत गिऱ्हाईक बसत नाही, म्हणून जळतो माझ्यावर."

"मग बसा राखण करत," रश्मी म्हणाली.

सकाळी दोघं धक्क्यावर बसली. बाबल आला, रामराम करून गेला. सगुणला त्या रामरामातही कट दिसला.

शेवटी त्यानं रोजच्यासारखी बोटीची पूजा केली. परवाना वाचावा म्हणून बोटीच्या नाकावर आज खोबरेल जरा जास्तच ओतलं. ओघळ पाण्याला टेकला आणि पाणी लाल झालं. तेलातेलांत फरक करणं जंतूंच्या सेवाशर्तींत नव्हतं.

सगुणनं बुधली पाठीमागे लपवली आणि आधी बाबलच्या बोटीकडे पाहिलं.

"तिकडे काय बघताय?" रश्मी म्हणाली.