उरलेल्या दोन ओव्या

तेहतीस साली शिमग्याआधी आम्ही मंडणगडात पटकीची लस टोचत होतो. रांग थेट अंगणापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी घाईघाईनं स्टोव्हवरच्या पाण्यातून सुई उचलली. "थांबा दाक्तर, अजून उकळली नाय," स्टोव्हपाशी सुया उकळायला बसवलेली गावातली तुळसा म्हणाली. मी कंपाउंडर. भर रांगेत साहेबांना टोकते म्हणून तिच्यावर खेकसलो, "घड्याळ तरी कळतं का तुला?" ती म्हणाली, "घड्याळ नाय कळत. उकळी आली की जात्यावरच्या धा ओव्या मनात म्हणते. आता आठच झाल्या." डॉक्टरांनी सुई पुन्हा पाण्यात सोडली. मला म्हणाले, "त्यांना दटावू नका." मग तिच्याकडे वळले, "बाई, उरलेल्या दोन मोठ्यानं म्हणा." तुळसा गायली. रांगेतल्या बायकांनी सूर धरला. दहावी ओवी संपली आणि पहिला दंड पुढे आला तो माझ्या लेकीचा.