चार बोटं

चंदर मिस्त्रीने गाडीचं मागचं टायर आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत बोटं घातली. उजवीकडे चार मावली. डावीकडे दोन. पुढच्या दोन्ही चाकांशी चार-चार मावली होती.

"परत बसली," तो म्हणाला.

बारकूची ही जुनी छोटी गाडी शिमग्यापासून मागे डावीकडे दबत होती आणि रस्त्यावर डावीकडेच ओढत होती. मुरबाडच्या गॅरेजात चंदरने पुढचे टायरॉड एंड बदलले, बॉल जॉइंट बदलले, मागे दोन्ही स्प्रिंगा नव्या टाकल्या. फरक शून्य. आज तो हत्यारं घेऊन डोळखांबला, बारकूच्या अंगणातच आला होता. डावी स्प्रिंग त्याने उजवीकडे टाकली, उजवी डावीकडे. खोट स्प्रिंगेत असती तर आता उजवी बाजू दबायला हवी होती.

ओट्यावरून बारकूची बायको देवकी म्हणाली, "रोग हाल्याला नि औषध पखालीला! भाऊ, तुमी राहू द्या. आज सरळ नाय झाली तर गाडी विकायची, मी सांगितलंय यांना. परवा वळणावर पोरींना घेऊन दरीतच गेलो असतो."

तिचं खोटं नव्हतं. पण बारकूचं मन होत नव्हतं. त्याची आई, धोंडाबाई, शिमग्याच्या सुमारास याच गाडीत गेली. शहापूरच्या दवाखान्यात नेताना म्हणाली होती, "मला पुढं बसव रे, तुझं तोंड तरी दिसंल." "मागंच टेकून बस गो," म्हणून त्याने दटावलं होतं. पोचल्यावर मागचं डावं दार उघडलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. ती कुठल्या वळणावर गेली, तेही त्याला कळलं नव्हतं. हे त्याला आतून खात होतं.

चंदरने फडक्याला हात पुसले. "मयत याच गाडीतून आणलं?"

"हां."

"ओढ्यांवर सांगत आलास ना?"

मयत घरी आणताना वाटेत ओढा लागला की नाव घेऊन सांगायचं, ओढा आला, चल. नाहीतर माणूस मागे राहतं.

"एक ओढा सोडला नाय," बारकू म्हणाला.

"आणि दारात? घर आलं, उतर, म्हणून?"

त्या दिवशी दारात बायकांनी हंबरडा फोडला, चौघांनी आईला उचलून आत नेलं, आणि बारकू स्टेअरिंगवर डोकं टेकून बसून राहिला होता. देवकीने तोंडाला पदर लावला.

"मग सांग की आता," चंदर हळू आवाजात म्हणाला. "ती आपली बसून हाय."

बारकूने मागचं डावं दार उघडलं.

"आये, घर आलं गो. उतर."

आत कुणीच नव्हतं. मग स्प्रिंग कुरकुरली आणि गाडीची मागची बाजू हळूहळू वर आली, म्हातारं माणूस गुडघ्यावर हात देऊन उठतं तशी. चंदरने फटीत बोटं घातली. चार.

"सुटली बाय," देवकीने हात जोडले.

तेवढ्यात पुढच्या डाव्या दाराशी दाणे टिपणारी कोंबडी फडफडत बाजूला पळाली आणि गाडी पुन्हा कुरकुरली. चंदर उठून पुढच्या डाव्या चाकाशी गेला. मघाशी तिथे चार बोटं मावली होती. आता दोन. त्याने बारकूकडे पाहिलं.

बारकूने मागचं दार लावलं. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर त्याची डब्याची पिशवी होती, ती उचलून मागे ठेवली. मग तो स्टेअरिंगवर जाऊन बसला आणि तोंड डावीकडे वळवून तसाच बसून राहिला.