हलके बूट

कोल्हारच्या फुटबॉल संघात उजव्या बाजूनं पळणारा भीमराज वेगासाठी प्रसिद्ध होता. जिल्हा संघाची निवड दुसऱ्या दिवशी होती, म्हणून मामानं त्याला पुण्याहून नवे बूट आणले होते. खास कडक जमिनीवर पळायला केलेले, एवढे हलके की हातात घेऊनही घेतल्यासारखे वाटू नयेत.

उन्हं कलल्यावर तो ते घालून मैदानात आला. बाकी कुणी अजून आलं नव्हतं. गोलपाशी फक्त त्यांना शिकवणारे भाऊसाहेब सर उभे होते.

"पळ बरं इकडं," ते म्हणाले, "बघू तरी कसे हायेत."

भीमराज सुटला. पायात काही आहे असं त्याला वाटेचना. अर्धं मैदान मागं पडलं तोच पाठीमागून आवाज आला. टप्, टप्, टप्. तसल्याच बुटांनी कुणीतरी त्याच्याहून जोरात पळत येत होतं.

संघातलाच कुणी असेल म्हणून त्यानं हसत मान वळवली. मागं मैदान मोकळं होतं.

"मागं बघू नको!" भाऊसाहेबांचा आवाज चिरकला. "थांबू नको भीमराज, पळ!"

पण त्याचे पाय जागीच थिजले.

आवाज थांबला नाही. त्याला घासून तो पुढं गेला. पावलापावलाला गवत दबत गेलं, थेट भाऊसाहेबांच्या पायापर्यंत. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

तिथं आवाज वळला आणि भीमराजकडं यायला लागला. आता तो पळत नव्हता. सावकाश चालत येत होता.